हजार चंद्र आणि आंबूस वासाचे डबे

अण्णांचा जन्म १९४३ सालच्या नारळी पौर्णिमेचा. मालवणच्या बाजारपेठेत चाळीसेक वर्षं त्यांचा फोटो स्टुडिओ होता. लग्न, मुंज, बारसं, पासपोर्टचे फोटो, शाळांचे ग्रुप फोटो, सगळं त्यांनीच काढलं. दुकानाची फळी लावली की यशिका कॅमेरा गळ्यात अडकवून ते बाहेर पडायचे, ते मात्र स्वतःसाठी. बारावीनंतर चार वर्षं मी त्यांच्या डार्करूममध्ये काम शिकले. म्हणून २०२४ च्या मार्चमध्ये त्यांच्या मुलाचा, दादाचा, मला फोन आला: "यंदा सहस्रचंद्रदर्शन करूचा असा. फोटोंचा काय ता तू बघ."

पुढच्या पाच महिन्यांत काय घडलं, कुठे चुकलं आणि शेवटी काय हाती लागलं, ते सगळं इथे लिहून ठेवते आहे. पत्र्याच्या डब्यांत निगेटिव्ह जपून बसलेले असे म्हातारे फोटोग्राफर कोकणात अजून गावोगावी आहेत आणि त्यांच्या घरूनही कधीतरी असा फोन होणार आहे.

आधी तारखेचा प्रश्न. दोन पौर्णिमांमध्ये साधारण २९.५३ दिवस जातात. हजार पौर्णिमा म्हणजे २९,५३० दिवस, ८० वर्षं आणि वर दहा महिने. जन्माच्या पौर्णिमेनंतर मोजत गेलं तर अण्णांची हजारावी पौर्णिमा २१ जून २०२४ ला, वटपौर्णिमेला, येत होती. जून म्हणजे भर पाऊस, शिवाय त्या दिवशी घरच्या बायका वडाला. म्हणून घरच्यांनी तिथीने येणारा वाढदिवसच धरला: नारळी पौर्णिमा, १९ ऑगस्ट. तो जागतिक छायाचित्रण दिनही निघाला. १८३९ साली याच तारखेला फ्रेंच सरकारने लुई दागेर या संशोधकाची फोटो काढण्याची रीत जगाला खुली केली होती. मी हे अण्णांना मोठ्या आनंदाने सांगितलं. त्यांचं लक्ष दुसऱ्याच आकड्याकडे होतं.

"हजार खंय? पावसाचे चार चंद्र दर वर्षाक ढगात जातत. गणित कर."

मी केलं. ८१ वर्षं, वर्षाला चार, म्हणजे ३२४ वजा. उरले पावणेसातशेच्या आसपास.

"हां. तेवढे बघलंय. त्येंचा दर्शन करा."

मूळ बेत अगदी साधा होता. गावातला हॉल, ८१ दिव्यांनी ओवाळणं, शाल-श्रीफळ, दोघांची भाषणं, जेवण आणि जेवताना पडद्यावर अण्णांचे फोटो. फोटो दादाने निवडूनही ठेवले होते. अण्णांनी डिजिटल कॅमेरा घेतल्यानंतरचे, रंगीत, साठेक. तारकर्लीचा सूर्यास्त, देवबागच्या संगमावरचा सूर्यास्त, सिंधुदुर्ग किल्ल्यामागचा सूर्यास्त. पर्यटकांना विकायच्या कार्डांसाठी काढलेले. दादाची त्यात काही चूक नव्हती, घरातल्या कॉम्प्युटरवर तेवढेच होते. अण्णांनी ते शांतपणे पाहिले आणि एकही नको म्हणाले.

"सूर्य बुडताना सगळे थंयच बघतत. तू पाठमोरी हो आणि उजेड कोणाच्या तोंडावर पडता ता बघ."

हे वाक्य मी अठरा वर्षांची असल्यापासून ऐकते आहे. पण यातून आमच्यापुढे खरा पेच उभा राहिला. ज्या फोटोंमुळे अण्णा अण्णा आहेत, ते सगळे डब्यांत होते, आणि डबे कित्येक वर्षांत कोणी उघडले नव्हते.

एकूण २७ डबे निघाले. १६ स्टुडिओतल्या लोखंडी कपाटात, ११ घरी स्वयंपाकघरावरच्या माळ्यावर. स्टुडिओचं छप्पर २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळात उडालं होतं. कौलं पुन्हा घातली, पण कपाट तसंच ओल धरून राहिलं. पहिला डबा मी अण्णांच्या घरी नेऊन उघडला तेव्हा त्यांची बायको, काकी, आतून म्हणाल्या, "लोणचा उतला की काय?"

तो वास व्हिनेगरचा होता. जुन्या रोलची पट्टी अ‍ॅसिटेटची असते. दमट आणि उष्ण हवेत ती कुजायला लागली की तिच्यातून अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड सुटतं, आणि तेच अ‍ॅसिड उरलेल्या पट्टीला आणखी कुजवतं. पट्टी आक्रसते, वरचा चित्राचा थर आक्रसत नाही, मग त्याला सुरकुत्या पडतात. बंद डब्यात एक रोल बिघडला की शेजारचेही नासतात, अगदी आढीतल्या आंब्यांसारखे. त्याशिवाय बुरशी. हवेतली आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर राहिली की तिला चित्राच्या थरातलं जिलेटीन म्हणजे मेजवानीच, आणि आमच्याकडे पावसाळ्यात ती दिवसचे दिवस ८५ च्या वर असते.

इथे मला एक गोष्ट दिसली, ती ज्यांच्या घरी असे डबे आहेत त्यांनी लक्षात घ्यावी. लोखंडी कपाटातले, नीट क्रमांक घातलेले, कागदी पाकिटांतले रोल सर्वांत वाईट अवस्थेत होते. चुलीवरच्या माळ्यावरचे, काजळीने काळे झालेल्या बिस्किटांच्या डब्यांतले रोल बुरशीपासून जवळजवळ पूर्ण वाचले होते. काकींनी गॅस आल्यावरही भात आणि आंघोळीचं पाणी चुलीवरच ठेवलं. त्या उबेने माळ्यावरची हवा वर्षभर कोरडी राहिली. अण्णांनी डब्यांत भाजलेल्या तांदळाच्या पुरचुंड्याही टाकल्या होत्या, पण श्रेय मी चुलीला देईन. मात्र तिथल्याही दोन डब्यांना आंबूस वास होताच, कारण ऊब बुरशीला रोखते तशी अ‍ॅसिडचं काम वाढवते. एकाच घरात एकाच माणसाचे रोल दोन वेगवेगळ्या दुखण्यांनी आजारी होते.

मग माझ्या हातून चूक झाली. बुरशी धरलेल्या पहिल्या दोन निगेटिव्ह मी पाण्यात धुतल्या. रोल पाण्यातच धुतात, आयुष्यभर तेच केलेलं, हात सवयीने नळाकडे गेला. बुरशीने खाल्लेलं जिलेटीन पाण्यात विरघळतं, हे मी वाचलेलं होतं आणि त्या क्षणी मला आठवलं नाही. डोळ्यांसमोर चित्राचा थर सायीसारखा सुटला आणि वाहून गेला. हातात कोरी पट्टी उरली. त्यातली एक त्यांच्या आईची होती, विहिरीच्या काठावर कळशी घासतानाची.

"पाणी कित्याक लावलंस गो?" एवढंच अण्णा म्हणाले आणि उठून गेले. दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. त्यांनी बोलावं असं मलाही वाटत नव्हतं.

तिसऱ्या दिवसापासून रीत बदलली. कुठल्याही पट्टीला हात लावण्याआधी, आहे त्या स्थितीत ती स्कॅन करायची. मगच आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेला मऊ कापूस, एकाच दिशेने, अलगद. आंबूस वासाचे रोल वेगळ्या खोलीत. सहा बाय सहा सेंटिमीटरची निगेटिव्ह २४०० डीपीआयला, म्हणजे इंचाला २४०० ठिपके धरून, स्कॅन केली की एका बाजूला पाच हजारांच्या वर पिक्सेल मिळतात, बारा इंची प्रिंटला ते भरपूर झाले. साफ झालेले रोल हवाबंद प्लास्टिकच्या डब्यांत, सोबत निळ्या दाण्यांची सिलिका जेल. दाणे गुलाबी झाले की जुन्या तव्यावर मंद आचेवर तापवून पुन्हा निळे करायचे. तवा स्वयंपाकाचा घ्यायचा नाही. जेवणावळीसाठी काढून ठेवलेल्या पैशांपैकी निम्म्याहून अधिक यातच गेले. दादा आधी नाराज होता. मग एका रोलमध्ये त्याला स्वतःचा पहिल्या दिवशी शाळेत जातानाचा, रडून सुजलेला चेहरा सापडला आणि त्याने पैशांबद्दल पुन्हा विचारलं नाही.

आता निवडीबद्दल, कारण या प्रकरणाचा जीव तिथे आहे.

अण्णांबद्दल गावात सगळे एकच वाक्य बोलतात: त्यांना सगळीकडे सौंदर्य दिसतं. मीही बोलायचे. पण त्या महिन्यांत त्यांचे कॉन्टॅक्ट शीट, म्हणजे अख्खा रोल लहान आकारात छापलेले कागद, बघता बघता माझं मत बदललं. यशिका मॅटच्या एका रोलवर बाराच फोटो येतात. बारांपैकी अकरांवर लाल पेन्सिलीची फुली. कधी बाराही. सावंतवाडीच्या मोती तलावाचे तीन रोल, एकही पास नाही. चिऱ्याच्या एका गडग्यावर, म्हणजे कुंपणाच्या भिंतीवर, जुलैत उगवलेल्या शेवाळाचे मात्र चार वर्षांत नऊ रोल, आणि शेवटच्या वर्षीच्या शेवटच्या रोलमधला सातवा फोटो पास. म्हणजे दिसायचं नाही त्यांना सगळीकडे. पुन्हा पुन्हा जायचे, थांबायचे, परत यायचे. त्या सातव्या फोटोत जांभ्याच्या भोकाभोकांतून पाणी पाझरतंय, शेवाळाचं एकेक बोंड दिसतंय आणि एका बोंडावर कोळ्याचा एकच धागा, त्यावर सात थेंब. मी मोजले. तो धागा तिथे यावा म्हणून चार पावसाळे गेले.

यशिकात वरून, मान खाली घालून बघावं लागतं. फोटो काढणाऱ्याचा चेहरा झाकला जात नाही, उलट तो समोरच्यापुढे वाकलेला दिसतो. अण्णा म्हणायचे, त्यामुळे म्हातारी माणसं बिचकत नाहीत. आणि त्यांचा खरा स्टुडिओ दुकानात नव्हताच, तो लोकांच्या माजघरात होता. आमच्याकडे कौलारू घरांत अंधार पडू नये म्हणून मधेच एक काचेचं कौल घालतात. सकाळी दहा-अकराच्या सुमाराला त्यातून उन्हाचा तिरपा खांब खाली उतरतो. चुलीच्या धुराने तो मऊ होतो. अण्णा त्या खांबाच्या कडेला, आत नव्हे, माणसाला पाटावर बसवायचे आणि समोर जमिनीवर स्वतःचं पांढरं धोतर अंथरायचे. धोतरावरून उठलेला उजेड हनुवटीखालच्या सावल्या पुसायचा. दिवे लागत नाहीत, उजेड पसरवायच्या छत्र्या लागत नाहीत. या पद्धतीने काढलेले पन्नासेक चेहरे आम्हाला माळ्यावरच्या डब्यांत मिळाले. एकेका चेहऱ्यावरची प्रत्येक सुरकुती दिसते आणि एकही सुरकुती वाईट दिसत नाही.

१९९३ नंतर मतदार ओळखपत्रांसाठी फोटो काढायची धांदल उडाली, तेव्हाही त्यांनी हेच चालवलं. आजीबाईला सांगायचे, कॅमेऱ्याकडे बघू नको, माझ्या मागे नातू उभा आहे त्याच्याकडे बघ. आज गावातल्या निम्म्या घरांत हार घातलेला जो फोटो आहे, तो तिथून वाढवलेला आहे. त्या आज्या भिंतीवरून अजून नातवाकडे बघतायत.

डार्करूमची एक आठवण मध्येच सांगते. डेव्हलपर, म्हणजे चित्र उमटवणारं रसायन, २० अंशांवर वापरायचा, पण मालवणात मे महिन्यात नळाचं पाणीच ३० च्या पुढे. अण्णा मासळी बाजारातून बर्फ आणायचे. मोठ्या ट्रेमध्ये बर्फ, त्यात लहान ट्रे, त्यात कागदाचा डेव्हलपर. उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सच्या इंदू कागदावर लाल दिव्याखाली चेहरा उमटत यायचा आणि खोलीभर बांगड्याचा वास. मला आजही हायपोच्या, चित्र पक्कं करणाऱ्या रसायनाच्या, वासाबरोबर बांगडा आठवतो.

एप्रिल-मेमध्ये निवड चालू असताना दुसरीच अडचण आली. अण्णांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन फेब्रुवारीत झालं होतं. डावा बाकी होता. मोतीबिंदूत भिंग पिवळं पडतं, निळा रंग मरतो, आणि तो इतका हळूहळू मरतो की माणसाला कळतही नाही. नवं भिंग बसलं की निळा एकदम परत येतो. अण्णा सकाळी पुळणीवर उभे राहून एकदा डावा डोळा मिटायचे, एकदा उजवा.

"उजव्या डोळ्याक दर्या निळो दिसता, डाव्याक चायसारखो."

मे महिन्यात डाव्याची तारीख मिळत होती. त्यांनी नाही म्हटलं. हे दोन समुद्र आहेत तोवर बघून घेतो, म्हणाले, एकदा गेला की चहाचा समुद्र परत मिळायचा नाही. घरी वाद झाला. डॉक्टरांना विचारलं, त्यांनी तपासून थोडं थांबायला हरकत नाही असं सांगितलं. मी अण्णांच्या बाजूने बोलले आणि काकींचा रोष ओढवून घेतला. पायऱ्या उतरताना त्यांचा अंदाज चुकत होता, पडले असते तर मी स्वतःला माफ केलं नसतं, हेही खरं. पण ऐंशी वर्षांचा माणूस पिवळा पडलेला डोळासुद्धा बघण्यासारखा मानतो, त्याला मी कोणत्या तोंडाने घाई करायला सांगणार होते?

प्रिंट तपासताना ते फक्त उजवा डोळा वापरायचे. ४३ फोटो ठरले. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढणाऱ्यांचे नुसते पाय, ओल्या वाळूत रुतलेले. शेणाने सारवलेल्या खळ्यावर बाईच्या हाताच्या कमानी. पेट्रोमॅक्सच्या उजेडात तोंडाला रंग लावणारा दशावतारातला संकासुर, आरसा एका हातात, विडी दुसऱ्या. चटईवर वाळत घातलेली आमसुलं, काळ्या-पांढऱ्यातही आंबट वाटणारी. होडीतून खाडी ओलांडणारा गणपती, तोंडावर रुमाल. मासे कापणाऱ्या बाईच्या मनगटाला चिकटलेले खवले, आणि बांगड्यांमध्येही. खवल्यांच्या उजेडाने तो फोटो आतून पेटल्यासारखा दिसतो.

एक फोटो मी शोधत होते आणि तो कुठेच नव्हता. मी शिकत असताना एकदा आमच्याकडची होडी बुडाली होती. अण्णा दिवसभर किनाऱ्यावर होते. त्या तारखेचा रोल का नाही, म्हणून विचारलं. कॅमेरा पिशवीतून काढलाच नाही, म्हणाले. तिथे रडणाऱ्या बाया त्यांना रोज नावाने हाक मारणाऱ्या होत्या.

हॉल रद्द झाला. फोटो ज्यांचे, त्यांच्याच वाटेवर लागले पाहिजेत हे मी दादाला पटवलं. रापणकरांचा एक मांगर आहे, बंदीच्या दिवसांत जाळी आणि होड्या ठेवायचा. त्या वर्षी पावसाळी मासेमारी बंदी ३१ जुलैला संपली, नारळी पौर्णिमेपर्यंत मांगर बऱ्यापैकी मोकळा झाला. तिथे आदल्या रात्री प्रिंट लावले आणि सकाळपर्यंत बोर्डावर चिकटवलेले सगळे दमटपणाने पापडासारखे वाकले. शेवटी बोर्ड काढून टाकले, नायलॉनची दोरी ताणली आणि कपड्यांच्या चिमट्यांनी नुसते कागद टांगले. वाऱ्याने हलत होते. प्रत्येकाखाली एक कोरी पट्टी आणि दोरीला बांधलेली पेन्सिल, ओळखीचं कोणी दिसलं तर नाव लिहा म्हणून.

बंदरावर मानाचा नारळ दर्यात सोडून माणसं परतायला लागली तसा मांगर भरला. पोरं बाहेर नारळ लढवत होती. आत गप्पा कमी, बोटं जास्त. ह्या कोण, ती माझी आत्या, हा बंदरावरचा मुकादम. रापणीच्या पायांपुढे एक साठी-पासष्टीची बाई बराच वेळ उभी होती. फोटोत चेहरा एकही नाही, अकरा जणांचे पाय. डावीकडून चौथ्या पायाचा अंगठा बाकीच्या बोटांपासून फाकलेला. तिने त्याला बोट लावलं.

"ह्यो आमच्या घोवाचो पाय."

नवरा जाऊन वीस वर्षं झाली होती. तिने पेन्सिल घेतली, पण लिहिता येईना, मग शेजारच्या मुलीने लिहिलं. अण्णा खुर्चीवरून उठले, चिमटा काढला आणि फोटो तिच्या हातात दिला. त्यानंतर जो तो आपलं माणूस मागायला लागला आणि संध्याकाळपर्यंत दोरी निम्मी रिकामी झाली. मला आधी वाईट वाटलं. प्रदर्शन तीन दिवस ठेवायचं ठरलं होतं. पण पट्ट्या आम्ही जपून ठेवल्या, ४३ पैकी ३१ वर नावं होती, काहींवर पाच-पाच. अण्णांच्या स्वतःच्या वहीत यातली बारासुद्धा नव्हती.

रात्री घरी काकींनी आणि सुनेने ८१ दिव्यांनी ओवाळलं. चंद्र नऊच्या पुढे ढगाच्या फटीत दोन-तीन मिनिटं आला. अण्णांनी एकदा उजवा डोळा मिटला, एकदा डावा, आणि नातवाला सांगितलं, "लिही. ह्यो दिसलो."

पुन्हा करायचं झालं तर काही गोष्टी मी वेगळ्या करीन. काम मार्चमध्ये नाही, डिसेंबरात सुरू करीन, हवा कोरडी असताना. पहिल्या दिवसापासून रेकॉर्डर लावीन. अण्णांना सकाळी नावं आठवतात आणि दुपारी जेवणानंतर निसटतात, हे लक्षात यायला मला महिना लागला आणि तेवढ्या महिन्याची नावं गेली. प्रत्येक प्रिंटच्या दोन प्रती काढीन, एक द्यायला आणि एक ठेवायला. त्यांच्या आईची निगेटिव्ह मात्र काही केल्या परत येणार नाही. तिचा धुण्याआधी मोबाइलवर सहज काढलेला एक अस्पष्ट फोटो आहे, तो आम्ही ठेवला आहे.

सप्टेंबरात डाव्या डोळ्याचंही ऑपरेशन झालं. चार दिवसांनी अण्णांचा फोन आला. दोन्ही समुद्र आता निळे आहेत, म्हणाले, आणि गडग्यावरच्या शेवाळाचा प्रिंट पुन्हा बघायचा आहे, डाव्या डोळ्याने बघितलेलाच नाही. स्टुडिओतले नऊ डबे अजून उघडायचे राहिलेत. दिवाळीनंतर बसू, मी म्हटलं, दुपारी जेवून येते.

"दुपारी नको. उजेड जाड होता. फाटफटी ये."